सुतळीमामा आणि नऊ मोकाट झाडं

सुतळीमामा बागेचे मुख्य माळी, पण त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. बाकी साऱ्या बागेला, रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांना, फाटकावरच्या पहारेकऱ्याला ते सुतळीमामाच. कारण साधं होतं. मामांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात कायम सुतळीचा गुंडा असायचा, आणि सैल दिसलेली कुठलीही वस्तू बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पाण्याच्या पाइपाचा जोड, बाकाची निखळलेली पट्टी, पहारेकऱ्याच्या चष्म्याची दांडी, सगळं मामांनी बांधून दिलं होतं. घरीही तेच. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी, कपाटाची मूठ, रेडिओची एरियल. बायको एकदा वैतागून म्हणाली, "माझं तोंड तेवढं बांधायचं राहिलंय." मामा शांतपणे म्हणाले, "तेवढी सुतळी बाजारात येत नाही."

पण हे सगळं किरकोळ. मामांची खरी सुतळी खर्ची पडायची ती झाडांवर.

बागेच्या मोठ्या फाटकापासून तळ्यापर्यंत दोनशे पावलांची एक वाट होती. तिच्या दोन्ही अंगांना वीस-वीस नीलमोहर लावलेले, सात वर्षांपूर्वी. त्यातली एकतीस झाडं मामांनी स्वतःच्या हाताने लावली होती. प्रत्येकाशेजारी छातीइतक्या उंचीचा बांबू, आणि बांबूच्या टोकाशी बुंधा करकचून आवळलेला. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मामा जुन्या गाठीवरच नवी गाठ मारायचे. जुनी सोडायची नाही, ती मुरलेली असते, असा त्यांचा हिशेब. झाडं वाढली ती एका रेषेत, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी. कुणी पाहुणा आला की उद्यानाचे साहेब त्याला आधी त्या वाटेवर आणायचे. "काय सरळ वाढवलीत हो," पाहुणा म्हणायचा. "झाडाला लहानपणीच धाक लागतो," मामा म्हणायचे, आणि त्या दिवशी त्यांना डबा दोन घास जास्त जायचा.

आता उरलेली नऊ. ती मामांच्या डोळ्यांत सलायची. लागवड ऐन रंगात असताना मामांचं पोट दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं, आणि मामा दीड महिना अंथरुणाला खिळले. तेव्हा तळ्याकडची नऊ रोपं लावली रोपवाटिकेतल्या आत्यांनी. आत्या मामांपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण रोपवाटिकेत आल्या त्या दिवसापासून सगळे त्यांना आत्याच म्हणतात. मामा आणि आत्या एका बागेत, आणि नात्याने कुणीच कुणाचे नाहीत, यावर बागेत बरेच विनोद होऊन गेले होते. तर बांबू संपले होते म्हणून आत्यांनी ती नऊ रोपं तशीच लावली, मोकळी. मामा परतले, बघतात तर रोपं वाऱ्यावर डोलतायत. ते बांबू घेऊन धावले. आत्या आडव्या आल्या.

"राहू द्या मामा. धरलीयत मुळं त्यांनी. आता हलली तर बुंधा जाड होईल."

"बुंधा जाड होऊन करायचंय काय? वाट आहे ही, आखाडा नाही."

"माझ्या जबाबदारीवर राहू द्या."

राहिली. वाढलीही, पण मामांच्या मते वाया गेली. बाकीच्यांपेक्षा हातभर बुटकी, बुडाशी फुगलेली, एक डावीकडे कललेलं तर दुसऱ्याचा शेंडा वाकडा. मामा त्यांना 'मोकाट' म्हणायचे. पाहुण्यांना वाट दाखवताना एकतिसाव्या झाडाशी आल्यावर मामांना हटकून काहीतरी आठवायचं आणि ते सगळ्यांना घेऊन मागे फिरायचे. आत्या बघायच्या आणि हसायच्या. वर्षातून एकदा, मामांच्या गाठी मारायच्या दिवसांत, त्या जाताजाता म्हणायच्या, "सैल सोडा हो मामा, मोठी झाली आता ती." मामा म्हणायचे, "तुमची तुम्ही सांभाळा." हा सामना एवढाच, आणि तो बरोबरीत सुटायचा.

यंदा हवामान खात्याने दोन दिवस आधी सांगितलं, मोठं वादळ येतंय, मंगळवारी दुपारी धडकेल. बागेत एकच धांदल उडाली. आत्यांनी सावलीची जाळी उतरवली, साडेचारशे कुंड्या भिंतीच्या आडोशाला आणल्या, उंच रोपं आडवी निजवली. गवत कापायचं यंत्र आत गेलं, बाकं उलटी झाली, जुन्या झाडांच्या वाळक्या फांद्या छाटून झाल्या. मामांनी सुतळीचे सहा नवे गुंडे काढले आणि एकतीस झाडांना दुहेरी गाठी मारल्या. पाय बांबूला टेकवून, दातांत टोक धरून, अंगातलं सगळं बळ लावून आवळल्या. सोमवारी संध्याकाळी शेवटचं झाड झालं तेव्हा त्यांच्या तळहाताची सालटं निघाली होती. आत्या कुंड्यांची ढकलगाडी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, गाठीकडे बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. वादळाच्या आदल्या दिवशी वाद घालायला कुणाला वेळ असतो?

मंगळवारी अडीच वाजता आभाळ काळंनिळं झालं. मामा, आत्या आणि पहारेकरी अवजारांच्या खोलीत शिरले. दगडी भिंती, वर पत्रा, एक हातभर खिडकी. दाराची कडी तुटकी होती, ती मामांनी सुतळीने बांधली. वारा आला तो दारालाच भिडला. पत्रा वाजायला लागला, भिंतीवरची खोरी टिपरीसारखी एकमेकांवर आपटू लागली. दार थरथरत होतं, पण सुतळी टिकली. पहारेकरी म्हणाला, "मामा, तुमच्या गाठीवर आज आपला जीव आहे." मामांना या परिस्थितीतही बरं वाटलं.

मग ते आवाज सुरू झाले. ताडकन एक. थोड्या वेळाने दुसरा. ओलं लाकूड मोडल्याचा आवाज माळ्याला दुसऱ्या कुणी सांगावा लागत नाही. खिडकीतून वाट दिसत नव्हती. मामा मोजत होते. अकरापर्यंत मोजलं आणि थांबले. त्यांनी कान झाकून घेतले नाहीत, पण खोऱ्यांच्या खडखडाटाकडे लक्ष देण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

पाच वाजता सगळं निवळलं. तिघं बाहेर आले. हवेत चिरडलेल्या पानांचा हिरवा उग्र वास होता. जुनं एक झाड कुंपणावर आडवं झालेलं, तळ्यात एक बाक, गवतावर कुणाच्या तरी गच्चीवरची प्लास्टिकची टाकी. मामा यातलं काहीच न बघता वाटेकडे चालत गेले.

एकतीसपैकी अठ्ठावीस मोडली होती. सगळी एकाच उंचीवर, छातीशी. खाली बांबूला घट्ट बांधलेला सरळ खुंट, आणि वरचं सारं झाड सालीच्या एका पट्ट्यावर उलटं लोंबकळत होतं. तीन नुसती वाकडी झाली होती. मामा मधोमध उभे राहिले. त्यांना रडू आलं नाही. त्यांना नुसतं थंड वाटत होतं. पहारेकऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वादळच तसं होतं मामा," तो म्हणाला. मामांनी मान हलवली. खरंच, वादळच तसं होतं.

हा दिलासा त्यांना तळ्यापर्यंत पुरला. तळ्याकाठी मोकाट नऊ उभी होती. नऊच्या नऊ. पानं गेलेली, एकाची फांदी तुटलेली, पण बुंधे शाबूत. मामा बघत राहिले. मग मागे वळले, जवळच्या मोडक्या झाडापाशी गेले आणि मोडलेल्या जागी बोट घातलं. सुतळीने सालीत खोल खाच पाडली होती. सात वर्षांच्या गाठी एकावर एक, झाड त्यांच्याभोवती सुजल्यासारखं वाढलेलं, आणि खाचेच्या जागी बुंधा मनगटाएवढाच राहिलेला. वारा आल्यावर वरच्या भाराला हलायला जागा नव्हती. मोडायला फक्त तेवढी एक जागा होती, आणि ती मामांनी करून दिली होती.

माळीकामात तीस वर्षं काढलेल्या माणसाला यापुढचं समजायला कुणी लागत नाही. मामांना समजलं. आणि समजल्याबरोबर त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणी बघत नाही ना.

बुधवारी मामा सूर्य उगवताना बागेत आले. कोयत्याने त्यांनी अठ्ठावीस खुंटांवरच्या गाठी कापल्या आणि खिशात कोंबल्या, डावीकडे, उजवीकडे, पँटच्या दोन्ही खिशांत. शेवटच्या खुंटाशी आले तर समोर आत्या, हातात पाण्याची झारी. त्यांनी मामांच्या फुगलेल्या खिशांकडे बघितलं.

"शेंडे लोंबकळतायत," आत्या म्हणाल्या. "सालीला ओढ बसतेय. आज खाली तिरपा काप दिला तर खुंटांना पालवी फुटेल. उशीर केला तर साल पार बुडापर्यंत फाटत जाईल."

"साहेबांनी सांगितलंय, पाहणी होईपर्यंत कशाला हात लावू नका."

"तुम्ही जाऊन बोललात तर साहेब ऐकतील."

"पाहणी होऊ द्या आत्या."

साहेबांकडे जायचं म्हणजे साहेब वाटेवर येणार, जवळून बघणार, चार प्रश्न विचारणार. मामांना तेच नको होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आत्या झारी घेऊन निघून गेल्या.

गुरुवारी पाहणी झाली. साहेबांबरोबर एक इंजिनिअर आले होते. त्यांचा सगळा जन्म रस्त्यांत गेलेला. त्यांनी वाटेच्या कडेला लोखंडी गज खुपसला. गज वीतभर जाऊन विटांच्या तुकड्यांवर अडला. इंजिनिअर खूश झाले.

"बघा. खाली सगळा भराव आहे. मुळं धरणार कशी? या मातीत झाडं टिकणार नाहीत. वाट रुंद करा, फरशी घाला, दोन्हीकडे खांब रोवून वर छत टाका. कटकटच नको."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. वाटेवरचं एकही झाड मुळासकट उपटलेलं नव्हतं. मुळांनी अठ्ठावीसही खुंट जमिनीत घट्ट धरून ठेवले होते. शाळकरी पोरालाही दिसलं असतं. मामांना तर दिसतच होतं.

साहेबांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांच्या टेबलावर वादळाची आणखी चाळीस प्रकरणं होती. "मामा, तुम्हाला काय वाटतं? मातीचाच दोष?"

मामांनी इंजिनिअरच्या गजाकडे बघितलं. "असेल," ते म्हणाले.

"मग सोमवारी टिपणावर तुमची सही घेऊ. तीस वर्षांचा माळी सांगतोय म्हटल्यावर वर कुणी शंका काढत नाही. आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा यात काही दोष नाही."

हे शेवटचं वाक्य मामांना जेवणात आलेल्या खड्यासारखं लागलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. बागेत फिरायला येणारे फाटकाशी थांबून मामांचं सांत्वन करायचे, हात हातात घ्यायचे. मामांना ते हात सोडवून घ्यावेसे वाटायचे. शनिवारी परत थोडा वारा सुटला. लोंबकळणारे शेंडे हलले आणि साली आणखी खाली फाटल्या. मामांनी ते पंपघराच्या ओट्यावर बसून बघितलं आणि उठले नाहीत.

रविवारी बायकोने धुणं काढलं. आधी सगळे खिसे उलटे करायची तिची जुनी सवय. मामा चहा घेत बसले होते. बायको बाहेरच्या खोलीत आली आणि तिने ओंजळ टेबलावर रिकामी केली. काळ्या पडलेल्या, कडक झालेल्या गाठी. काहींना साल चिकटलेली.

"अठ्ठावीस आहेत," ती म्हणाली. "तुम्ही नवी सुतळी घरी आणता, ते मी बत्तीस वर्षं बघतेय. जुनी आणलेली आजच बघितली."

मामांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. खाच, मोकाट नऊ, बुधवारची सकाळ, इंजिनिअरचा गज, सोमवारची सही. साहेबांचं 'तुमचा दोष नाही' हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. बायको ऐकत टेबलावरच्या गाठी एका रांगेत लावत होती.

"म्हणजे मोडली तुम्ही, आणि बदनाम होणार माती," ती म्हणाली. "तिथे परत कुणी झाड लावणार नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं."

"असेल. पण मुठीत काही लपवून खुरपं धरता येतं का?"

मामांनी रांगेतली एक गाठ उचलून बघितली. म्हणाले, "लोक हसतील. नावच सुतळी माझं."

"आजवर हसत नव्हते असं वाटतं तुम्हाला?"

मामांना नको असताना हसू आलं. मग मात्र त्यांचे डोळे भरून आले आणि ते आवरेनात. बायकोने चहा परत गरम केला. उद्या काय करा हे तिने सांगितलं नाही. त्या गाठी तेवढ्या एका कागदी पिशवीत भरून मामांच्या डब्याशेजारी ठेवल्या.

सोमवारी दहा वाजता साहेबांच्या खोलीत टिपण तयार होतं. इंजिनिअरही आले होते. साहेबांनी पेन पुढे केलं. मामांनी पेन न घेता पिशवी टेबलावर ठेवली.

"साहेब, माती चांगली आहे. झाडं मी मोडली."

साहेबांना वाटलं माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. "मामा, बसा आधी."

"बसतो नंतर. आधी वाटेवर चला."

वाटेवर मामांनी साहेबांचं बोट धरून पहिल्या खुंटाच्या खाचेत घातलं. मग दुसऱ्या. पाचव्या खुंटापर्यंत साहेब स्वतःच बोट घालून बघायला लागले होते. एकतीस झाडं झाली आणि या वेळी मामा मागे फिरले नाहीत. ते सगळ्यांना तळ्यापर्यंत घेऊन गेले.

"ढकला," मामा इंजिनिअरना म्हणाले.

इंजिनिअरनी कललेल्या झाडाला जोर लावला. झाड वाकलं आणि परत आलं. "माती तीच," मामा म्हणाले, "भराव तोच, वादळ तेच."

"मग ही का नाही बांधलीत?" साहेबांनी विचारलं.

"माझं पोट दुखत होतं म्हणून."

साहेब हसणार होते, पण मामांचा चेहरा बघून थांबले. आत्या तळ्याकाठी रोपं सरळ करत होत्या. साहेबांनी त्यांना हाक मारली. "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

आत्यांनी हातातली माती झटकली. "झाडं त्यांची आहेत. त्यांनी बोलावं म्हणून थांबले. आज नसते बोलले तर दुपारी मीच तुमच्याकडे येणार होते."

मामांनी चमकून बघितलं. आत्यांनी नजर चुकवली नाही.

साहेबांनी ते सगळं लेखी मागितलं. मामांना लिहायची सवय नव्हती. चार ओळींना अर्धा तास लागला. साहेबांनी कागद वाचला. "यात वादळाचा उल्लेखच नाही मामा. थोडा तरी घाला, तुमच्याच सोयीचं आहे."

"वादळ आलंच होतं साहेब. पण त्या नऊंवरूनही तेच गेलं."

टिपण रद्द झालं. इंजिनिअरनी फारशी कुरकुर केली नाही, जाताना गज विसरून गेले एवढंच. पण सरकारी काम ते, चूक कबूल केली की ती कुठेतरी चिकटवावी लागते. मामांच्या सेवापुस्तकात ताशेरा आला. वाट आत्यांच्या ताब्यात गेली, आणि मामा त्यांच्या हाताखाली. वर्षभरात खुंट फुटले नाहीत तर फरशी पक्की, असं साहेबांनी बजावलं. मुख्य माळ्याची खुर्ची कारंज्याजवळच्या चौकीत होती, तिच्यावर बसायला आत्यांनी साफ नकार दिला. त्या म्हणाल्या, तिचा एक पाय सुतळीने बांधलाय, माझा भरवसा नाही.

काप द्यायचं काम त्याच दुपारी सुरू झालं. वाकड्या झालेल्या तिन्ही झाडांच्या गाठी मामांनी आधी सोडवल्या. आत्या खूण करायच्या, मामा करवत चालवायचे. खाचेच्या खाली, तिरपा, गुळगुळीत काप, पाणी साचू नये असा. चोवीस खुंट ठीक होते. चार खुंटांची साल पार मातीपर्यंत उतरली होती, आतलं लाकूड उन्हाने तपकिरी पडलेलं.

मामांनी करवत थांबवली. "बुधवारी कापली असती तर?"

खोटं बोलणं आत्यांना सोपं गेलं असतं. "तर वाचली असती," त्या म्हणाल्या.

मामा पंपघरामागे गेले. तिथे त्यांनी मोठ्याने रडून घेतलं. पंप चालू होता त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही. परत येऊन त्यांनी ते चारही खुंट तितक्याच निगुतीने कापले आणि इतरांबरोबर त्यांनाही पाणी घालत राहिले.

एकोणिसाव्या दिवशी पहिल्या खुंटाला मुगाएवढा हिरवा कोंब दिसला. महिन्याभरात चोवीस खुंट फुटले, काही तर इतके की झुडपं झाली. आत्यांनी प्रत्येकावरचा एक जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढून टाकले. वाऱ्याची झुळूक आली की ते फुटवे वेड्यासारखे हलायचे. मामा हात पाठीमागे बांधून बघत उभे राहायचे. चार खुंट काही फुटले नाहीत.

इकडे मामांनी सुतळीचं नावच टाकलं. आयुष्यभर सगळं बांधणारा माणूस आता बुटाच्या नाडीलाही हात लावेना. अति तिथं माती. बागेतला जाईचा वेल जमिनीवर लोळायला लागला, पाइपाचा जोड सुटून फाटकावर तळं झालं, पहारेकऱ्याचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. घरी खिडकी वाऱ्याने दिवसभर आपटायची. बायको म्हणाली, "वादळाने एवढं नुकसान केलं नव्हतं." मामा म्हणाले, "माझ्या गाठीवर माझाच विश्वास नाही."

पुढच्या पावसाळ्यात आत्यांनी रोपवाटिकेतून नीलमोहराची चार रोपं काढली. फुटले नव्हते ते चार खुंट मामांनी आधीच स्वतः खणून काढले होते. खड्डे तयार होते. मामांनी रोपं लावली, माती पायाने दाबली, आळी केली आणि खुरपं पुसून बाजूला झाले. रोपं वाऱ्यावर पार जमिनीकडे वाकत होती.

आत्यांनी चार बांबू आणले. "बांधा."

मामांना वाटलं चेष्टा करतायत. "नको आत्या. तुम्ही बांधा हवं तर. नाहीतर मोकळीच राहू द्या, तुमच्या नऊंसारखी."

"माझी नऊ नशिबाने जगली. बांबू संपले होते म्हणून मोकळी राहिली, त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. कोवळ्या रोपाला पहिलं वर्षभर आधार लागतोच. मी कधी म्हटलं बांधू नका? सैल बांधा, आणि वेळेवर सोडा, एवढंच म्हणत होते. तुम्ही अर्धंच ऐकायचात." त्यांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढून मामांपुढे धरला. "तुमच्याइतकी पक्की गाठ बागेत कुणाला येत नाही."

मामांनी गुंडा घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची बोटं सुतळीला चाचपडली. त्यांनी बांबू जरा लांब रोवला, सुतळीचा आठाच्या आकड्यासारखा वेढा घातला, बुंध्याकडची बाजू सैल ठेवली आणि गाठ बांबूच्या अंगाला मारली. रोप हललं, सुतळीशी येऊन थांबलं, परत हललं. मामा बाजूला झाले.

आत्या खाली वाकल्या. सुतळी आणि बुंधा यांच्यामध्ये त्यांनी आपली दोन बोटं घातली, फिरवून बघितली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रोपाकडे गेल्या.

तीस वर्षांत मामांची गाठ कुणी तपासली नव्हती. मामांना फार बरं वाटलं. ते दुसरा बांबू घेऊन आत्यांच्या मागे गेले.